आकाशाच्या चाळण्या

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक सुरू व्हायची होती. दोघीजणी यायच्या बाकी होत्या, म्हणून माझी आठवीतली लेक सगळ्यांना एक गंमत दाखवत बसली. तिने टीव्हीचा रिमोट घेतला, त्याच्या टोकाकडे मोबाइलचा पुढचा कॅमेरा, म्हणजे सेल्फीचा, धरला आणि बटण दाबलं. रिमोटकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर मात्र टोकाशी जांभळट दिवा लुकलुकत होता. आमच्यातल्या एका मावशींनी रिमोट उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हाई काय शे वं?"

तो प्रकाशच होता, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. इंद्रधनुष्यात एका कडेला तांबडा रंग असतो ना, त्याच्याही पलीकडचा. शास्त्राच्या पुस्तकात त्याला अवरक्त म्हणतात. 'अव' म्हणजे खालचा, 'रक्त' म्हणजे तांबडा. लेकीने मागच्या कॅमेऱ्यातून पाहायला सांगितलं, तर दिवा जवळजवळ गायब. तिचं म्हणणं, मागच्या कॅमेऱ्यात एक लहानशी काच बसवलेली असते, ती हा प्रकाश गाळून टाकते, म्हणजे फोटोतले रंग बिघडत नाहीत. पुढच्या कॅमेऱ्यात ती काच बहुतेक वेळा तितकी कडक नसते.

बैठक झाली, हप्ते भरले, सगळ्या घरी गेल्या. माझ्या डोक्यात मात्र ती काच राहिली. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. कोणतीही वस्तू पाहिली की ती पहिल्यांदा कोणी केली आणि कशापायी केली, हे शोधायची मला खोड आहे. शोधता शोधता कळलं की न दिसणारा हा प्रकाश मुळात सापडलाच अशा काचांमुळे. आणि आज आकाशातला अवरक्त प्रकाश टिपणारे कॅमेरे चालतात तेही अशाच काचांच्या जिवावर. आज त्याच काचांची गोष्ट सांगते.

इंग्रजीत त्यांना फिल्टर म्हणतात. मी चाळणी म्हणणार आहे, कारण काम चाळणीचंच आहे. रवा कसा काढतो आपण? दळलेला गहू आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळतो, कोंडा वर राहतो. मग बारीक चाळणीतून चाळतो, पीठ खाली पडतं. मधे उरतो तो रवा. आकाशाच्या कॅमेऱ्यातली काचही असंच करते. या मापापेक्षा मोठं नको, त्या मापापेक्षा बारीक नको, मधला पट्टा तेवढा आत येऊ द्या. प्रकाशाचं माप म्हणजे त्याच्या लाटेची लांबी. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. आपल्याला दिसतो तो प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा. त्याच्यापुढे अवरक्त सुरू होतो.

सन १८००. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. मूळचे जर्मनीतले, पेशाने वाजंत्री. युरेनस हा ग्रह त्यांनीच १७८१ मध्ये शोधला. ते दुर्बिणीतून सूर्य पाहत आणि डोळे जळू नयेत म्हणून पुढे रंगीत, काळपट काचा लावत. (नुसत्या दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नसतं. मुलांना हे बजावून सांगा.) काचा बदलता बदलता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. एखाद्या काचेतून उजेड कमी येई, तरी डोळ्याला धग लागे. दुसरीतून उजेड भरपूर येई आणि धग जवळजवळ नसेच. दुसरा कोणी असता तर बरी काच ठेवून नकोशी बाजूला टाकली असती. हर्शेलना प्रश्न पडला की उजेड आणि ऊब वेगवेगळ्या का गाळल्या जातात. प्रत्येक रंगाची ऊब निरनिराळी असते की काय?

मग त्यांनी तिधारी काचेतून उन्हाचे रंग टेबलावर पाडले आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. ऊब जांभळ्याकडून तांबड्याकडे वाढत गेली. तांबड्याच्या पलीकडे, जिथे टेबलावर काहीच रंग नव्हता, तिथे ठेवलेला तापमापक सगळ्यांत वर चढला. अवरक्त प्रकाशाची माणसाला पटलेली ती पहिली ओळख.

हर्शेलांच्या घरातली दुसरी व्यक्ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यांची धाकटी बहीण कॅरोलिन. दहा वर्षांची असताना तापाच्या आजारात तिची वाढ खुंटली, उंची चार फुटांच्या थोडी वर राहिली. आईचा बेत असा की पोरीने जन्मभर घरकाम करावं. भावाने १७७२ मध्ये तिला इंग्लंडला नेलं. तिथेही स्वयंपाक, हिशेब, पाहुणे आलेच. पण त्याबरोबर दुर्बिणीचे आरसे घासायचं काम आलं आणि रात्री भाऊ काय पाहतोय ते लिहून घ्यायचं कामही. आरसा घासताना हात काढला तर काम बिघडतं. एकदा भाऊ सोळा तास आरशावरून हात न काढता बसला, तेव्हा ही त्याला शेजारी बसून घास भरवत होती. पुढे तिने स्वतःच्या दुर्बिणीतून आठ धूमकेतू शोधले, पहिला १७८६ मध्ये. १७८७ मध्ये राजाने तिला भावाची मदतनीस म्हणून वर्षाला ५० पौंड पगार लावून दिला. स्वतःच्या मनाने खर्च करता येईल असा आयुष्यातला हा पहिलाच पैसा, असं तिने त्या पगाराबद्दल लिहून ठेवलं आहे. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक हातात घेतलेल्या बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत, त्यामुळे हे वाक्य मी दोनदा वाचलं. १८२८ मध्ये लंडनच्या खगोल संस्थेने तिला सुवर्णपदक दिलं. पुढची बाई त्या पदकापर्यंत पोचायला १९९६ साल उजाडलं.

हर्शेलांनंतर दीडशे वर्षं हा प्रकाश आकाशात मोजायचं काम रांगतच चाललं, कारण तो टिपणारं चांगलं साधन नव्हतं. गाडी धावू लागली १९६० च्या दशकात. अमेरिकेत हॅरल्ड जॉन्सन यांनी शिशापासून केलेल्या नव्या शोधकांवर ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश मोजायला सुरुवात केली. इथे चाळणीवाचून भागणारच नव्हतं. कारण आपल्या हवेतली वाफ. पाण्याची वाफ अवरक्त प्रकाश खाते, पण सगळा सारखा खात नाही. १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास ती जवळजवळ भिंत उभी करते. या भिंतींच्या आजूबाजूला खिडक्या उरतात. एक साधारण १.२५ मायक्रॉनला, दुसरी १.६५ ला, तिसरी २.२ ला. ताऱ्याचा प्रकाश जमिनीवर येतो तो या खिडक्यांतूनच. त्या खिडक्यांच्या मापाच्या काचांना अक्षरं मिळाली जे, एच आणि के. इंग्रजी येणाऱ्या मुलांना विचारा, अक्षरांचा क्रम एच, जे, के असा आहे. मग मधल्या खिडकीचं नाव एच कसं? तर जॉन्सन यांनी आधी जे आणि के ठरवले, मधली खिडकी मागाहून धरली, आणि हाताशी उरलेलं अक्षर तिला चिकटलं. सुरुवातीला घाईत पडलेलं नाव कायमचं राहतं, तसं.

इथपर्यंत ठीक होतं. अडचण पुढे आली, आणि ती ऐकताना मला आमचा रवा आठवला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाला शेवयांच्या रव्याची मागणी आली होती, साठ किलोची. आम्ही दहाजणी. सहा-सहा किलो वाटून घेतलं, प्रत्येकीने आपल्या घरी, आपल्या चाळणीने काढलं. नामपूरच्या बायकांना काम सांगावं लागत नाही. पिशव्या घेऊन आम्ही ऐटीत गेलो. घेणाऱ्याने दहा पिशव्यांतला एकेक मूठ रवा कागदावर ओळीने मांडला. मग आमच्याही डोळ्यांना दिसलं. एकीचा रवा साखरेसारखा, एकीचा कण्यांसारखा, तर एकीचा पिठाकडे झुकलेला. त्याने निम्म्याहून जास्त माल परत केला. परतीच्या रिक्षात भांडण झालं, कोणाचा रवा बरोबर यावरून. आज कळतं की सगळ्यांचाच बरोबर होता, ज्याच्या त्याच्या चाळणीप्रमाणे.

खगोलशास्त्रज्ञांचं तीसेक वर्षं हेच चाललं होतं. के म्हणजे २.२ मायक्रॉनची काच हे सगळ्यांना मान्य. पण ती कुठे सुरू व्हायची आणि कुठे संपायची, हे ज्या त्या वेधशाळेचं वेगळं. काच कोणाकडून करून घेतली त्यावर पट्टा थोडा इकडे, थोडा तिकडे. त्यात जुन्या काचांचे पट्टे रुंद, म्हणजे कडा खिडकीच्या बाहेर, वाफेच्या भिंतीत घुसलेल्या. म्हणजे आज हवा कोरडी असेल तर तारा थोडा तेजस्वी, उद्या दमट असेल तर थोडा मंद. समुद्रसपाटीजवळच्या दुर्बिणीचा आकडा एक, डोंगरावरच्या दुर्बिणीचा दुसरा. तारा तोच. एका वेधशाळेचा आकडा दुसरीच्या वहीत मांडायचा तर आधी सुधारणा करा, मग सुधारणेची सुधारणा करा.

या काचा महागही असतात. पावसात रस्त्यावर डिझेल सांडलं की त्याच्या पातळ थरावर रंग दिसतात, ते तुम्ही पाहिलं असेल. थराच्या जाडीप्रमाणे काही रंग परततात, काही पार जातात. तेच तत्त्व वापरून काचेवर एकावर एक असे अनेक थर चढवतात. प्रत्येक थर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, आणि त्याची जाडी मोजून मापून. त्यातही गोम अशी की काच खूप थंड केली की तिचा पट्टा किंचित सरकतो. त्यामुळे किती थंडीत वापरणार हे आधीच सांगून करून घ्यावी लागते. एका वेधशाळेला एक-दोनच काचा लागतात. पण दोन काचांसाठी यंत्र लावा की शंभरांसाठी, मांडामांड तेवढीच. किंमत उतरायची कशी?

हवाई बेटांवर मौना केआ नावाचा ४,२०० मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्यावर अनेक देशांच्या दुर्बिणी आहेत. तिथले डग्लस सायमन्स आणि अ‍ॅलन टोकुनागा यांनी पट्टे नव्याने आखले. कडा वाफेच्या भिंतीपासून आत घेतल्या. माप असं बेतलं की ते उंच डोंगरावरही चालावं आणि मध्यम उंचीवरही. मग त्यांनी जगभरच्या वेधशाळांना सोबत घेऊन एकत्र मागणी नोंदवली. एका मापाच्या काचा, एकाच वेळी, सगळ्यांसाठी. प्रत्येक काचेची किंमत उतरली. त्यांचं हे काम २००२ मध्ये छापून आलं. हेतू त्यांनी सरळ लिहिला आहे, होता होईल तेवढ्या वेधशाळांत एकच माप रुजावं. त्या डोंगराच्या नावाने तो काचांचा संच आज ओळखला जातो. मोठमोठ्या संस्था, पण केलं काय, तर सामूहिक खरेदी! आम्ही त्या भांडणानंतर सटाण्याला एका दुकानातून एकाच नंबरच्या दहा चाळण्या घाऊक भावात आणल्या होत्या. तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आपलं डोकं उशिरा चाललं.

आता कोणी विचारेल, इतका खटाटोप न दिसणाऱ्या प्रकाशासाठी कशाला? त्याचं कारण धूळ. आकाशात ताऱ्यांच्या मधे बारीक धूळ पसरलेली आहे. साधा प्रकाश तिच्यात अडकतो, लांब लाटेचा अवरक्त प्रकाश बराचसा निसटून येतो. आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून निघालेल्या साध्या प्रकाशाचा अब्जावा भागही आपल्यापर्यंत पोचत नाही. के काचेतून पाहिलं तर दहा-पंधरातला एक वाटा तरी पोचतो. अमेरिकेच्या आंद्रेया घेझ या बाईंनी १९९५ पासून मौना केआवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, २ मायक्रॉनच्या आसपासच्या अशाच काचांमधून, त्या मध्याभोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षं टिपले. त्यातला एक तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्या फेरीवरून त्यांनी मांडलं की मधे काही न दिसणारं आहे, आपल्या सूर्याच्या ४० लाख पट वजनाचं. जर्मनीतल्या दुसऱ्या गटानेही तेच दाखवलं. २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल यासाठी मिळालं. ते मिळवणाऱ्या घेझ या चौथ्या बाई. एकाच ताऱ्याकडे सोळा वर्षं बघत राहायचं, म्हणजे मधे चाळणी बदलून चालत नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको.

ही सगळी लांबची नावं झाली. आता घराजवळ येते. नाशिकहून पुण्याला एसटीने जाताना नारायणगाव लागतं. तिथून आत, जुन्नर आणि घोडेगावच्या मधल्या डोंगरावर, आंबेगाव तालुक्यात गिरवली नावाचं गाव आहे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण तिथे २००६ पासून आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अवरक्त गटाने आपल्याकडच्या दुर्बिणींना लावता येईल असा एक कॅमेरा बनवला. त्याचं नाव टिरकॅम-२. त्याची पारख करायला तो या गिरवलीच्या दुर्बिणीवर लावला, आणि राजस्थानात माउंट अबूवरच्या दुर्बिणीवरही. ते काम २०१२ मध्ये छापून आलं. पुढे २०१६ मध्ये तो उत्तराखंडात देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर गेला.

या कॅमेऱ्याचं पोट उणे २३८ अंशांपर्यंत थंड करतात. आपल्याकडे गाई-म्हशींच्या रेतनासाठी डॉक्टर जो नायट्रोजनचा कॅन घेऊन येतात, ज्याचं झाकण उघडलं की पांढरी वाफ खाली उतरते, त्यातला नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. त्याहून हे थंड, हेलियम वायू फिरवून केलेलं. इतकी थंडी कशाला? कारण अवरक्त प्रकाश गरम वस्तूतून आपोआप निघतो आणि त्या नजरेने पाहिलं तर साध्या खोलीतली प्रत्येक वस्तू गरमच आहे. आपण, भिंत, दुर्बीण, खुद्द कॅमेरासुद्धा. २.३ मायक्रॉनच्या पुढे हा उजेड इतका वाढतो की ताऱ्याचा फोटो काढणं म्हणजे भर दुपारी काजवा शोधणं. म्हणून शोधक थंड आणि चाळण्याही त्याच थंड भांड्यात बंद. त्या एका चक्रावर बसवलेल्या असतात. चक्र फिरवलं की हवी ती काच समोर येते.

त्यात जे, एच, के आहेतच. शिवाय काही अगदी अरुंद पट्ट्यांच्या आहेत. त्यातली एक साधारण ३.३ मायक्रॉनची. ती कशासाठी आहे हे वाचलं तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून सांगितलं. लाकूड अर्धवट जळलं की धुरात कार्बन आणि हायड्रोजनची जाळीदार कडी तयार होतात. चुलीच्या धुराने जे डोळे चुरचुरतात, भिंत काळी होते, त्या काजळीत ही कडी असतात. तीच कडी आकाशात, जिथे नवे तारे जन्मतात, त्या ढगांतही आहेत. जवळच्या ताऱ्याचा प्रखर प्रकाश पडला की ती ३.३ मायक्रॉनला चमकतात. बाकी सगळं गाळून तेवढीच चमक पकडायची, त्यांचे नकाशे काढायचे. टिरकॅम-२ बनवण्यामागचा एक हेतू तोच होता.

सासूबाईंनी चाळीस वर्षं चूल फुंकली. गॅस आला तरी भाकरी अजून चुलीवरच लागते त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या वरच्या काळ्या तुळईकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे हे पुसायचं राहिलंय ते वरपर्यंत आहे म्हण की."

मोबाइलचा पुढचा कॅमेरा आणि टीव्हीचा रिमोट तर घरोघरी आहे. आज रात्री पोरांना दाखवून पाहा. पुढच्या शनिवारी याच वेळेला भेटू. रामराम.